मासा कोणत्या आभाळाखाली सापडतो?

मासे पकडणाऱ्या माणसाला संध्याकाळी परतताना कधीही विचारून पाहा, "काय, आज काही लागलं का?" लागले असेल, तर तो दोन्ही हात पसरून माशाची लांबी दाखवील, आणि लागले नसेल, तर आभाळाकडे बोट दाखवील. वारा फिरला, ढग आले, ऊन फार झाले, पाणी गढूळ होते, काल चांदणे पडले होते... रिकाम्या टोपलीची कारणे नेहमी वरतीच असतात. काठावर उभे राहून गंमत बघणाऱ्यांना ही पळवाट वाटते. नाचता येईना अंगण वाकडे, तसे मासा मिळेना आभाळ वाकडे! परंतु थोडे खोलात शिरले, की ध्यानात येते की यातली बरीचशी कारणे खरी आहेत. शेतकऱ्याइतकाच हवेच्या लहरीवर जगणारा आणखी एक माणूस आपल्या नद्या-तलावांच्या काठी राहतो. त्याच्या पिकाकडे आपले लक्ष जात नाही, कारण ते पाण्याखाली असते.

समुद्रावरच्या मच्छीमारांना निदान हवामानाची वार्ता मिळते. 'मच्छीमारांनी खोल समुद्रात जाऊ नये' हे वाक्य आकाशवाणीवर ऐकत आपल्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. नदीत, तलावात, धरणात जाळे टाकणाऱ्याला उद्देशून असे वाक्य क्वचितच कानी पडते. त्याला जे काही कळते ते वाऱ्याच्या झुळकेवरून, पाण्याच्या रंगावरून आणि बापाने सांगितलेल्या खुणांवरून.

मी काही मत्स्यशास्त्रज्ञ नव्हे. बँकेच्या नोकरीत माझी काही वर्षे उजनी धरणाच्या काठच्या एका गावी गेली. जाळ्यासाठी, होडीसाठी कर्ज मागायला भोई समाजातली मंडळी येत. अर्जात 'मासिक उत्पन्न' असा एक रकाना असे आणि तिथे आकडा काय घालायचा हा दर वेळचा पेच. एका वयस्क मामांनी तो प्रश्न माझ्यावरच सोडला होता. "साहेब, थंडीत येगळं, पावसाळ्यात येगळं, अन् वारं सुटलं की काहीच न्हाई. तुमीच काय ती सरासरी काढा." त्या सरासरीच्या शोधात मी रविवारी त्यांच्याबरोबर पाण्यावर जाऊ लागलो. पुढे गळ हातात आला, त्यामागोमाग या विषयावरची पुस्तके आली. या सगळ्यांतून एक गोष्ट मनात पक्की झाली, ती आज वाचकांपुढे ठेवायची आहे. ज्या हवेत मासा सहज हाती लागतो, ती बहुतेक वेळा माशाच्या अडचणीची हवा असते. आणि अडचणीत सापडलेल्याला किती पकडायचे, हा प्रश्न हवामानाचा नसून आपल्या शहाणपणाचा असतो.

पाण्यातला श्वास

आपल्याला उकडले तर आपण घाम गाळतो, थंडी वाजली तर कुडकुडतो. शरीराची ऊब मात्र फारशी बदलत नाही. माशाला ही सोय नाही. पाणी जेवढे थंड किंवा गरम, तेवढाच मासा थंड किंवा गरम. पाणी गार झाले की त्याची भूक मंदावते, पचन मंदावते, हालचाल मंदावते. पाणी तापले की सगळे यंत्र जोरात चालू लागते. तापमान दहा अंशांनी वाढले, तर माशाला लागणारा प्राणवायू ढोबळमानाने दुप्पट होतो.

आणि गंमत अशी की, नेमका त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू कमी होतो. आपल्या भोवतालच्या एक लिटर हवेत सुमारे २८० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात मात्र, ते अगदी काठोकाठ भरले तरी, लिटरला जेमतेम ९ मिलिग्रॅम मावतो. पाणी ३० अंशांवर गेले की साडेसात. म्हणजे गरज वाढते तेव्हा पुरवठा घटतो. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या अंदाजपत्रकासारखीच ही स्थिती! माशाचे वर्षभराचे वागणे या एका हिशेबावर बरेचसे उलगडते.

थंडीचे दिवस घ्या. डिसेंबर-जानेवारीत उजनीच्या पाण्यावर पहाटे धुके उतरते, काठावर परदेशी पाहुणे पक्षी जमलेले असतात, दृश्य मोठे देखणे असते; पण जाळी हलकी येतात. आमच्या मामांचे याबाबतचे उत्तर ठरलेले. "मासा कुठं जातोय? खाली बसलाय. ऊन वर येऊ द्या, मग बघू." विज्ञानाची भाषा काढून टाकली, तर शास्त्रज्ञही हेच सांगतात. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे. त्यांचे बीज आपल्याकडे तलावांत सोडले जाते. पाणी २५ ते ३० अंशांच्या दरम्यान असले की ते नीट खातात. गारठा वाढला की खोल पाणी धरतात, कारण तिथले तापमान काठासारखे भराभर बदलत नाही. चिलापी तर आफ्रिकेची. १९५२ साली ती भारतात आणली गेली आणि आज उजनीच्या बाजारात तिचाच बोलबाला आहे. पण पाणी दहा-बारा अंशांवर उतरले की तिला जगणे कठीण होते. उजनीसारख्या अफाट साठ्याचे पाणी सहसा इतके गार होत नाही. शेततळ्यासारखे लहान पाणी मात्र दोन-चार रात्रींत निवते. म्हणून हिवाळ्यात हौशी माणसाने पहाटेच्या थंडीत कुडकुडत बसण्यात फारसे हशील नाही. दुपारचे जेवण करावे आणि जिथे ऊन पोचते अशा उथळ पाण्याच्या काठी गळ टाकावा.

तापलेले पाणी, मरणारा मासा

उन्हाळ्यात हिशेब उलटा होतो. एप्रिल-मे महिन्यांत तळ्याचे वरचे पाणी तापून हलके होते आणि खालच्या थंड, जड पाण्यावर तरंगत राहते. दोघांची सरमिसळ होत नाही. तळाशी कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्याने तिथला प्राणवायू संपत जातो आणि वरून नवा येत नाही. आता माशाने राहायचे कुठे? वर चटका, खाली घुसमट. मग तो मधला एक पट्टा धरून राहतो. हा पट्टा किती हातांवर आहे हे ज्याला कळले, त्याचे जाळे भरले. उजनीवरची जुनी माणसे जाळ्याच्या दोरीला गाठी मारून ही खोली ठरवताना मी पाहिली आहेत. थर्मामीटर त्यांनी कधी हातात धरला नव्हता.

अशा तापलेल्या तळ्यावर एखाद्या संध्याकाळी वळीव कोसळतो. थंड पावसाचे जड पाणी खाली जाते, वारा सगळे तळे ढवळून काढतो आणि तळाचे घाण वासाचे, प्राणवायू नसलेले पाणी वर येते. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरी पोटे वर करून मासे तरंगताना दिसतात. गावात कुजबूज सुरू होते, कोणीतरी विष कालवले म्हणून. कधी ते खरेही असते. पण पुष्कळदा गुन्हेगार आभाळच असते.

असाच दुसरा दगा ढगाळ दिवसांचा. पाण्यातले हिरवे सूक्ष्म शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करते आणि रात्री स्वतःच तो वापरते. ऊन असते तोवर जमाखर्च जुळतो. तीन-चार दिवस आभाळ भरून राहिले की जमा आटते, खर्च चालू राहतो आणि पहाटे खाते रिकामे होते. तेव्हा मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. मत्स्यशेती करणारा शेतकरी हे दिसताच धावत जाऊन पंप सुरू करतो, पाण्याचे फवारे उडवतो. नवख्या माणसाला मात्र वाटते, वा, काय मासा वर आला आहे! तो घाईने गळ टाकतो आणि काहीच लागत नाही. श्वासासाठी तोंड वर काढलेला मासा आमिषाला तोंड लावीत नाही. तोच मासा जाळ्यात मात्र पळून न जाता अलगद येतो. मरळ तेवढा या संकटातून निभावतो, कारण तो थेट हवेतला श्वास घेऊ शकतो. म्हणूनच बाजारात मरळ टोपलीत तासन् तास जिवंत दिसतो.

वारा, चांदणे आणि वायुभारमापक

वाऱ्याविषयी प्रत्येक काठावर वेगळी म्हण ऐकू येते, पण एक गोष्ट सर्वत्र खरी आहे. दोन-तीन दिवस एकाच दिशेने वारा वाहिला, की पृष्ठभागावरचे सूक्ष्म जीव समोरच्या काठाला लोटले जातात. त्यांच्यामागे बारके मासे जातात आणि बारक्यांमागे मोठे. वरच्या थरात चरणारा कटला अशा वेळी त्या काठाला हमखास भेटतो; मधल्या थरातला रोहू आणि तळाशी चरणारा मृगळ यांना वाऱ्याचे एवढे सोयरसुतक नसते. म्हणजे जिथे लाटा अंगावर येतात, बसायला नको वाटते, तिथेच बसावे. निवांत, सावलीचा, वाऱ्याच्या आडोशाचा काठ माणसाला आवडतो, माशाला नव्हे.

मात्र होडीतल्या माणसासाठी वारा हा निव्वळ धंद्याचा विषय नाही. उजनीचे पाणी काही ठिकाणी समुद्रासारखे पसरले आहे. मे महिन्यात क्षितिजावर काळे ढग दिसले की जुने भोई जाळे तसेच टाकून काठ गाठतात. २१ मे २०२४ रोजी याच धरणात करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचे प्राण गेले. धरणाच्या पाण्यालाही हवामानाचा इशारा हवा, हे त्या घटनेने दाखवून दिले.

चांदण्याची तक्रारही खरी आहे. रात्री पाण्यात उभे केलेले कंडाळ माशाला दिसले नाही तरच तो त्यात अडकतो. पौर्णिमेच्या आसपास पाण्यात उजेड उतरतो, जाळे दिसते आणि मासा वळसा घालून जातो. अमावास्येच्या काळोखात जाळी जड येतात. उजनीच्या काठी पंचांग पाहण्याला हेही एक कारण आहे.

राहिला हवेचा दाब. इंग्रजी पुस्तकांतून मासेमारी शिकलेले लोक वायुभारमापकाला फार मान देतात. दाब उतरला की मासा खातो, चढला की रुसतो, असे त्यांचे म्हणणे. याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दहा मीटर खोल पाण्याचा भार म्हणजे साऱ्या वातावरणाच्या भाराइतका, ढोबळमानाने एक हजार मिलिबार. मोठे वादळ जवळ आले तरी हवेचा दाब दहा-वीस मिलिबार उतरतो. तेवढा फरक माशाला वीतभर वर किंवा खाली सरकल्यानेही पडतो आणि तसे तो दिवसातून शेकडो वेळा करतो. तेव्हा सगळे श्रेय दाबाला देणे कठीण आहे. पावसाआधी मासा जोरात खातो हा अनुभव मात्र खोटा नाही. त्या वेळी उजेड मंदावतो, पाण्यावर लहरी उठून काठावरचा माणूस माशाला नीट दिसत नाही, गारवा येतो आणि वाळवीचे पंखवाले किडे हजारोंनी पाण्यावर पडतात. माशापुढे ताट वाढलेले असते, तो जेवतो. दाबमापकाचा काटा फक्त त्याच सुमारास हललेला असतो.

पहिल्या पावसाची वाट

आता मुख्य गोष्टीकडे येतो. त्यासाठी घाट उतरून कोकणात जायला हवे. माझे आजोळ कुडाळकडचे. रोहिणी संपून मृग लागला आणि दोन-तीन दिवस धो धो कोसळला, की तिथे घराघरांतून एकच वार्ता फिरे, "चढणीचे मासे लागले!" रायगडच्या बाजूला यांनाच वलगणीचे मासे म्हणतात. नदीचे नवे लाल पाणी व्हाळांत घुसते, व्हाळाचे पाणी शेतांच्या बांधांवरून पडू लागते आणि त्या पाण्याच्या उलट दिशेने खवळ, मळये, शिंगटी असे नाना मासे उड्या घेत वर चढू लागतात. मुले टोपल्या घेऊन धावतात, मोठी माणसे पाग फेकतात, कोणी बांधाच्या तोंडाशी बांबूचा सापळा लावतो. रात्री बत्तीच्या उजेडात माणसे गुडघाभर पाण्यात उभी असतात. दुसऱ्या दिवशी तिरफळे घातलेल्या तिखल्याचा वास सगळ्या वाडीत दरवळतो. वर्षातले सगळ्यात सोपे मासे हेच. गळ नको, आमिष नको, कौशल्यही नको.

ते इतके सोपे का असतात? कारण हे मासे खाण्यासाठी आलेले नसतात. अंडी घालण्यासाठी आलेले असतात. वाढता दिवस आणि तापते पाणी यांनी उन्हाळ्यातच त्यांच्या पोटात अंडी तयार झालेली असतात. वाट पाहायची ती पुराच्या पहिल्या लोंढ्याची. नव्याने भिजलेल्या शेतातले उथळ, उबदार पाणी म्हणजे पिलांसाठी पाळणाघर. तिथे खाणे भरपूर आणि मोठे शत्रू थोडे. पावसाळा सरताना हीच पिले पाण्याबरोबर नदीत उतरतात. म्हणजे जूनच्या त्या चार रात्रींत टोपलीत पडलेली गाभोळी ही पुढच्या वर्षाची नदी असते.

माझे थोरले मामा पाग फेकण्यात वाकबगार होते. पण बांधाचे तोंड पूर्ण अडवणाऱ्या पोरांवर ते जाम ओरडत. "अरे, येक बाजू मोकळी ठेव! सगळ्यांची वाट अडवलंस तर फुडच्या वर्सा काय खातलंस?" त्यांनी मत्स्यविज्ञानाचे एक पानही वाचलेले नव्हते. आज जगभरचे तज्ज्ञ जे नियम सुचवतात, त्यांचे सार मात्र या एका वाक्यात आले आहे.

ही पावसाची अट किती कडक असते, याचा एक पुरावा आपल्याच देशात आहे. रोहू-कटल्यासारखे मासे साचलेल्या तळ्यात वाढतात, पण तिथे अंडी घालीत नाहीत. त्यांना वाहते पाणी आणि पुराची चाहूल हवी. त्यामुळे मत्स्यशेतीसाठी बीज आणायचे तर पावसाळ्यात नद्यांवर जाऊन ते गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगूल येथे हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी माशाच्या मेंदूतळच्या ग्रंथीचा अर्क टोचून कार्प वर्गातील माशांकडून अंडी मिळवली. एका अर्थी पाऊस सुईत भरण्यात त्यांना यश आले. देशातल्या मत्स्यशेतीचा चेहरामोहरा त्याने बदलला आणि म्हणूनच १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पण ही सुई बीजकेंद्रातल्या माशांसाठी. व्हाळातल्या खवळीला आणि शिंगटीला कोण टोचणार? त्यांना खराच पाऊस लागतो आणि तोही वेळेवर.

वेळापत्रक बिघडले तर

आणि वेळेचेच आता काही खरे राहिलेले नाही. २०२३ साली मोसमी पाऊस मुंबईत पोचला तो २५ जूनला. २०२५ साली तो २६ मे रोजीच दाखल झाला; मुंबईत तो इतक्या लवकर आल्याची आधीची नोंद नव्हती. दोन वर्षांत एका महिन्याचे अंतर! शिवाय २०२५ मध्ये इतक्या घाईने आलेल्या पावसाची पुढची वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत थबकली होती. शेतकऱ्यापुढे दुबार पेरणीचे संकट उभे राहते ते आपल्याला माहीत असते. माशाला दुबार पेरणी नाही. पावसाने फार उशीर केला तर मादीच्या पोटातली अंडी शरीरातच जिरून जाऊ शकतात. आला आणि मध्येच थांबला, तर शेतातल्या पाण्यात घातलेली अंडी आणि बोटाच्या पेराएवढी पिले उन्हात वाळून जातात. रोहू-कटल्याची अंडी २७ ते ३१ अंशांच्या पाण्यात १४ ते २० तासांत फुटतात. पिलांना पोहण्याचे बळ यायला मात्र पुढचे काही दिवस सलग पाणी लागते.

घाटावरची तऱ्हा आणखी निराळी. इंदापूर, करमाळा हा पर्जन्यछायेतला प्रदेश, वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पण उजनी भरते ती मावळातल्या पावसावर, जिथे लोणावळ्यासारख्या ठिकाणी वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. त्यामुळे इथे डोक्यावर ऊन तापलेले आणि खाली पाणी मात्र लाल, असा प्रकार दर वर्षी घडतो. जुलैमध्ये नव्या पाण्याचा वास लागताच मासे धरणाच्या वरच्या अंगाला, दौंडच्या दिशेने सरकू लागतात आणि त्यांच्यामागोमाग जाळीही सरकतात. या नव्या पाण्याची जातही आता बदलली आहे. मुळा-मुठेतून पुण्याचे सांडपाणी भीमेत येते. उन्हाळाभर नदीपात्रात साचलेला गाळ आणि घाण पहिल्या लोंढ्याबरोबर खाली वाहत येते आणि कुजणाऱ्या घाणीने पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकलेला असतो. ज्या पाण्याच्या वासावर मासा जन्म द्यायला निघतो, तेच पाणी त्याचा जीव घेऊ शकते. इथे दोष आभाळाला देता येत नाही.

राखून खाणे

मग मासे मारूच नयेत का? असे म्हणण्याचा मला तरी अधिकार नाही. जून-जुलै हा गरिबाच्या घरी कणगी तळाला जाण्याचा काळ. कातकऱ्याच्या, भोयाच्या, छोट्या शेतकऱ्याच्या ताटात त्या दिवसांत फुकट मिळणारे सकस अन्न म्हणजे हे मासे. शहरातल्या गॅलरीत बसून त्यांना उपदेश करणे सोपे आहे. पण टोपलीभर मासे घरी नेणारा आणि संपूर्ण व्हाळ जाळ्याने अडवून टेम्पो भरणारा, या दोघांत फरक करायला काय हरकत आहे? पाण्यात विजेची तार सोडणारा, ब्लीचिंग पावडर टाकणारा, जिलेटिन उडवणारा यांना तर माफी नसावी. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यातच गुन्हा ठरवले होते. सव्वाशे वर्षांपूर्वी सरकारला जे कळले, ते आपल्या काही पोरांना अजून कळायचे आहे.

कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते आणि आपण ते मान्य केले आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट नद्या आणि जलाशयांतही बंदी असते. आपल्या जुन्या माणसांनी तर कायद्यावाचून हे साधले होते. महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळण कोंडीतले मासे वरदायिनी देवीचे म्हणून कोणी मारीत नाही. वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसेश्वराच्या देवळापाशीही तीच रीत. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी या डोहांची जागा पाहण्यासारखी आहे. उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा उरलेसुरले मासे अशा खोल डोहांत गोळा होतात. तिथे त्यांना पकडणे अगदी सोपे. नेमके तिथेच हात आवरायचा, म्हणजे पावसाळ्यात चढायला कोणीतरी शिल्लक राहते. उन्हाळ्यात डोह राखायचा आणि मृगात बांधाची एक बाजू मोकळी ठेवायची, या दोन गोष्टी गावोगावी पाळल्या गेल्या तर नदी आपली काळजी बरीचशी स्वतः घेईल.

ग्रामपंचायतीने ठराव करावा, मच्छीमार सहकारी संस्थेने आपल्या सभासदांना बांधून घ्यावे, शाळेच्या मास्तरांनी मुलांना चढणीचा मासा कुठे चालला आहे ते दाखवावे. आणि आपण, रविवारी पिशवी घेऊन बाजारात जाणाऱ्यांनी? पुढच्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर कोळणीच्या किंवा भोईणीच्या पाटीत गाभोळीने टरटरलेले नदीचे मासे दिसले, तर एवढेच विचारावे की हे कुठल्या व्हाळातले, आणि वाट मोकळी ठेवली होती का? तिला उत्तर ठाऊक असते. विचारणारे वाढले, तर ती घरी जाऊन तेच विचारील. तोवर पंधरा-वीस दिवस चिलापीवर किंवा तलावातल्या रोहूवर भागवायला हरकत नाही. चिलापी संपण्याची भीती नाही आणि तलावातल्या रोहूचे बीज बीजकेंद्रातून पुन्हा येते. व्हाळातल्या शिंगटीला मात्र वर्षातून एकदाच, चार रात्रींपुरती वाट उघडते.